गावरानी कोंबडीची नोंद कोण घेणार?

घाटंजीच्या आठवडी बाजारात कोंबडीचे दोन भाव असतात. जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या पांढऱ्या ब्रॉयलरचा भाव किलोवर ठरतो. कोलामांच्या पोडावरून किंवा आसपासच्या खेड्यातून पाय बांधून आणलेल्या रंगीत कोंबडीचा भाव नगावर, तिला हातात तोलून आणि बरीच घासाघीस करून ठरतो. हा दुसरा भाव पहिल्यापेक्षा चढा असतो आणि गिऱ्हाईक तो कुरकुरत का होईना देते. ‘गावरानी’ या एका शब्दाची ती किंमत आहे. तथापि या शब्दाचा नेमका अर्थ काय, असे विचारले तर विकणारी बाई आणि विकत घेणारा मास्तर या दोघांचेही उत्तर एकच येईल : जी हॅचरीतून आली नाही ती गावरानी. म्हणजे हे कोणत्याही जातीचे नाव नव्हे. ते नाव नसल्याची कबुली आहे.

ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही, ज्याची नोंद नाही त्याची गणती नाही, आणि ज्याची गणती नाही ते नाहीसे झाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी व्यवहाराचा हा नियम कारकुनी पेशातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. विदर्भातील गावरानी कोंबडी आज नेमकी या नियमाच्या कचाट्यात सापडली आहे. हा प्रश्न खाद्यशौकिनांच्या जिभेचा आहे असे समजून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. पण तो तेवढ्यावर संपत नाही. एका प्राण्याच्या रक्तात पिढ्यान्पिढ्या साठलेले शहाणपण राखायचे की गमवायचे, असा तो प्रश्न आहे.

विरळ हवेतील धडा

हे शहाणपण म्हणजे काय, हे समजण्यासाठी घाटंजीहून फार दूर, तिबेटच्या पठारावर जावे लागेल. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत दोन-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. खालून गेलेला माणूस तेथे धापा टाकतो. अंड्यातील गर्भाची अवस्था त्याहून बिकट असते. एकवीस दिवस तो कवचात बंद. त्याची फुप्फुसे अद्याप कामाला लागलेली नसतात. कवचाला असलेल्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून जो प्राणवायू आत झिरपेल त्यावरच त्याची सारी मदार. सखल प्रदेशातील कोंबडीची अंडी एवढ्या उंचीवर नेऊन उबवली तर त्यांतील कितीतरी गर्भ कवचातच गुदमरतात. मात्र शतकानुशतके तेथेच नांदलेल्या तिबेटी कोंबडीची अंडी त्याच हवेत पुष्कळ चांगल्या प्रमाणात फुटतात. हा गुण तिला कोणी शिकवला नाही. ज्या पिल्लांना तो लाभला नाही ती कवचाबाहेर आलीच नाहीत, एवढाच त्याचा इतिहास आहे.

शास्त्रज्ञांनी या कोंबडीची जनुके उलगडून पाहिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे सुचवले गेले की, उंचीशी जमवून घेण्याची वाट या कोंबडीने स्वतंत्रपणे शोधली असावी. तिबेटी माणसाच्या रक्तातील ज्या जनुकाचा त्या संदर्भात सर्वत्र बोलबाला आहे, त्याच वाटेने ती गेली असे दिसत नाही. हिमालय ओलांडून हिवाळ्यात महाराष्ट्रातील तलावांवर उतरणारे पट्टेरी डोक्याचे हंस त्यांच्या हिमोग्लोबिनातील एका सूक्ष्म बदलामुळे विरळ हवेतही प्राणवायू पकडून ठेवतात, हे त्याआधीच माहीत झाले होते. एकाच अडचणीला निसर्गाने इतकी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. यातील कोणते उत्तर पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही.

ते उपयोगी पडण्याची वेळ मात्र दूर नाही, याची साक्ष ब्रॉयलरच देतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच प्रदेशात पाळलेल्या मांसल कोंबड्यांना एक जलोदरासारखा विकार जडत असे : हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येई, पोटात पाणी साठे आणि पक्षी दगावे. प्रथम हा केवळ उंचीचा आजार मानला गेला. पुढे ब्रॉयलरच्या वाढीचा वेग वाढवत नेला तसा तोच आजार सखल प्रदेशातील कोंबड्यांतही दिसू लागला. कारण उघड होते. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचे शरीर उभे करण्याच्या घाईत स्नायू वाढले. पण त्यांना प्राणवायू पुरवणारी हृदय-फुप्फुसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. ज्या पक्ष्याला समुद्रकाठची भरपूर हवाही अपुरी पडते, त्याच्या आनुवंशिकतेतून काहीतरी महत्त्वाचे निसटले आहे, असेच म्हणावे लागेल.

उन्हाचे पठार

घाटंजीला तिबेटची उंची नाही. वाघाडी नदीकाठच्या या गावाची कसोटी विरळ हवेची नसून उन्हाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यातील पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. चोच उघडी टाकून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढेच तिच्या हाती असते. अशा दिवसांत ब्रॉयलर पाळणारा शेतकरी छपरावर पाणी शिंपडतो, गोणपाटाचे पडदे भिजवतो, पंखे लावतो. आणि दुपारी वीज गेली की डोक्याला हात लावून बसतो. त्याच दुपारी पोडावरची गावरानी कोंबडी कडुनिंबाच्या बुडाशी माती उकरून त्या गारव्यात अंग पसरते आणि ऊन कलले की पिल्ले घेऊन पुन्हा चरायला निघते.

तिचे इतर गुणही याच पठडीतील आहेत. तिला खुराकाची गोणी लागत नाही. उकिरडा, कुंपण, उधईचे वारूळ आणि खळ्यावर सांडलेली ज्वारी यांवर तिचे भागते. घार आकाशात दिसली की ती विशिष्ट आवाज काढते आणि पिल्ले दडतात. रात्री ती झाडावर किंवा छपराच्या आढ्यावर चढते. मुख्य म्हणजे ती खुडूक होते. अंड्यांवर एकवीस दिवस निष्ठेने बसण्याची ही वृत्ती व्यापारी अंड्याच्या कोंबडीतून निवड करकरून काढून टाकण्यात आली, कारण खुडूक कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी ती कोंबडी स्वतःची एकही पिढी स्वतः वाढवत नाही. यंत्र बंद पडले तर तिचा वंशही थांबेल. गावरानी कोंबडीला यंत्राची गरज नाही. तिच्या पंखाखालीच तिची हॅचरी असते.

उष्णतेला तोंड देण्याची आनुवंशिक साधने कोंबडीत असतात, ही कल्पना नव्हे. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्या भारताच्या अनेक भागांत आढळतात. एका जनुकामुळे त्यांची पिसे कमी होतात आणि अंगातील उष्णता सहज बाहेर पडते. बरेली येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अशा उघड्या मानेच्या आणि उलट्या पिसांच्या देशी पक्ष्यांचा संकर करूनच परसातील पालनासाठी नवे वाण तयार केले. म्हणजे संशोधकाला जेव्हा उन्हात टिकणारी कोंबडी हवी होती, तेव्हा त्याला खेड्याच्या उकिरड्याकडेच वळावे लागले. उद्या त्याला आणखी काही हवे असेल आणि उकिरड्यावरची कोंबडी तोवर बदललेली असेल, तर तो कोठे वळणार?

हरवलेली निम्मी पुंजी

जगातील सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विनने १८६८ साली मांडले. २०२० साली आठशेहून अधिक पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा हा पूर्वज नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि ब्रह्मदेश या पट्ट्यातील असल्याचे दिसून आले. पण यात भारताचा वाटाही मोठा आहे. बाजारात सोललेल्या कोंबडीच्या कातडीला जो पिवळा रंग असतो, तो तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. सह्याद्रीत आणि मेळघाटात आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून तो आला, असे २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून सिद्ध झाले. तांबड्या आणि राखी रानकोंबड्यांची हद्द मध्य भारतात गोदावरीच्या आसपास भिडते. यवतमाळ जिल्हा त्या हद्दीपासून फार दूर नाही. ज्या रक्ताच्या थेंबावर जगभराचा व्यापार चालतो, त्याच्या माहेरघरातील कोंबडीविषयी एवढी अनास्था असावी, यासारखी विसंगती नाही.

२००८ सालीच अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने धोक्याची घंटा वाजवली. जगातील व्यापारी कोंबड्यांच्या मूळ वंशावळींत, पूर्वज जातींत असलेल्या आनुवंशिक विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक विविधता उरलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. जगाला मांस पुरवणाऱ्या कोट्यवधी ब्रॉयलरचे आजे-पणजे आज दोन-तीन बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती एकवटले आहेत. घाटंजीत विकला जाणारा पांढरा पक्षी आणि ब्राझीलमध्ये विकला जाणारा पांढरा पक्षी हे फार जवळचे भाऊबंद आहेत. एकसारखेपणा हा कारखान्याच्या दृष्टीने गुण आहे. रोगाच्या दृष्टीने मात्र ते उघडे दार आहे. जो विषाणू एकाला मारू शकतो, तो सर्वांनाच मारू शकतो. विविधता असलेल्या कळपात काही मरतात, काही तगतात, आणि तगलेल्यांपासून कळप पुन्हा उभा राहतो. मानमोडीची साथ येऊन गेल्यावर खेड्यातील खुराडे एक-दोन वर्षांत पुन्हा भरते, त्याचे कारण हेच.

कापसाने दिलेली शिकवण

हा युक्तिवाद यवतमाळच्या वाचकाला पुस्तकी वाटू नये. त्याच्या जिल्ह्याने हा धडा कापसाच्या रूपाने गिरवला आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक कापूस देशी वाणांचा होता. आखूड धाग्याचा, उत्पन्नाला बेताचा, पण कोरडवाहू जमिनीत आणि रसशोषक किडींपुढे टिकणारा. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून संकरित कापूस आला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच जवळजवळ सारे क्षेत्र त्याने व्यापले. प्रारंभी उत्पन्न वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस तिने पोखरला. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा देशी वाणांची आठवण झाली. ते शोधायला निघालेल्यांना बियाणे संशोधन केंद्रांच्या शीतगृहांत मिळाले, ही त्यातल्या त्यात सुदैवाची गोष्ट.

कोंबडीच्या बाबतीत हे सुदैव लाभणार नाही. बी वाळवून डब्यात ठेवता येते. अंडे तसे ठेवता येत नाही. पक्ष्याचे अंडे गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही, कारण त्यातील बलकाचा गोळा फार मोठा असतो. कोंबड्याचे वीर्य गोठवता येते. पण पक्ष्यांत लिंग ठरवणारे गुणसूत्र मादीकडून येते. मादीचे ते खास गुणसूत्र नराच्या वीर्यात नसतेच. त्यामुळे केवळ वीर्याच्या साठ्यावरून संपूर्ण जात परत उभी करता येत नाही. गर्भातील बीजपेशी गोठवण्याचे तंत्र पुढारलेल्या प्रयोगशाळांत विकसित झाले आहे. परंतु ते महागडे आहे आणि तेथेही आधी पक्षी हाती असावा लागतो. सारांश, देशी कोंबडीची पेढी एकच : तिला पाळणाऱ्या बाईचे अंगण.

नवापूरचा इशारा

ही पेढी एका दिवसात कशी रिकामी होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो १९८४ साली स्थापन झाला आणि २००८ पासून देशी जातींची रीतसर नोंदणी सुरू झाली. त्या यादीत कोंबडीच्या वीसच्या घरात जाती आहेत. झाबुआची कडकनाथ, आंध्र-छत्तीसगडची असील, निकोबारची निकोबारी, कुमाऊंच्या डोंगरातील पायांवर पिसे असलेली उत्तरा. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती बुसरा : नंदुरबार-धुळ्याचा पश्चिम पट्टा आणि लगतचा गुजरात येथील आदिवासींनी सांभाळलेली, वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास अंडी देणारी काटक कोंबडी. आणि २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जेथे झाला, ते नवापूर याच बुसऱ्याच्या माहेरात आहे.

साथ मोठ्या व्यापारी शेडमध्ये आढळली. पण तिला आवर घालण्यासाठी बाधित टापूतील घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. माणसाच्या जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे त्या कारवाईला दोष देता येणार नाही. २०२१ साली नवापुरात पुन्हा तीच पाळी आली. व्यापारी शेड भरपाई घेऊन पुन्हा भरते. तिची पिल्ले कंपनीकडून येतात. परसातल्या कोंबडीची पिल्ले कोठून आणायची? भरपाईच्या तक्त्यात पक्ष्याची किंमत असते; त्याच्या वंशाची किंमत लिहिण्यासाठी रकाना नसतो. एखाद्या जातीचे घर एकाच टापूत असेल आणि त्या टापूबाहेर तिचा एकही राखीव कळप नसेल, तर एका साथीत तिचा इतिहास संपू शकतो. हा धोका नाव असलेल्या बुसऱ्याला आहे. नाव नसलेल्या वऱ्हाडी कोंबडीचे काय?

विदर्भात नोंद करण्याजोगे काही नाही, असे म्हणावे तर गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस आणि बेरारी शेळी याच मातीतून राष्ट्रीय यादीत गेल्या आहेत. याच जंगलात, याच उन्हात, याच माणसांच्या सोबतीने राहिलेली कोंबडीच तेवढी वेगळेपणाविना राहिली असेल, हे तर्काला धरून नाही. कोलाम आणि गोंड वस्त्यांत कोंबडा हा देवाचा मान आहे, पाहुण्याचा मान आहे आणि अडल्या वेळचा पैसाही आहे. कोणत्या रंगाचा कोंबडा कोणत्या कार्याला लागतो, हे तेथील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. म्हणजे रंगांची विविधता तेथे हेतुपुरस्सर राखली जाते. संशोधकाने ज्याला आनुवंशिक व्यवस्थापन म्हणावे, ते तेथे रूढीच्या नावाने चालत आले आहे.

गरिबीचा युक्तिवाद

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. जी बाई पाच-दहा कोंबड्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवते, तिने जगाची आनुवंशिक पुंजी राखण्यासाठी पन्नास-साठ अंड्यांवर समाधान का मानावे? हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा बंगळूरची गिरिराजा तिला त्याहून दुप्पट अंडी आणि अधिक मांस देत असेल, तर तिला ती मिळालीच पाहिजे. जिल्हा परिषदांमार्फत निम्म्या अनुदानावर सुधारित जातीच्या शंभर पिल्लांचे गट वाटण्याची योजना याच हेतूने आहे. स्वस्त ब्रॉयलर आणि स्वस्त अंडे यांमुळे सामान्य माणसाच्या ताटात प्रथिने आली, हेही खरे. १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिल्यापासून अंड्याने केलेली वाटचाल कोणीही नाकारू शकत नाही.

हा आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की, सुधारित पक्षी आणि गावरानी पक्षी यांची तुलना केवळ अंड्यांच्या संख्येवर करणे हा एकांगी हिशेब आहे. खाद्य, औषध आणि निवाऱ्याचा खर्च, घार आणि मुंगसाने नेलेली पिल्ले, उन्हाळ्यातील मर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिल्ले विकत आणण्याची गरज, हे सर्व मांडल्यावर पारडे कोठे झुकते, हे प्रत्येक गावात वेगळे असेल. सुधारित पक्ष्यांत खुडूक होण्याची वृत्ती कमी असल्याने दुसऱ्या पिढीसाठी त्या बाईला पुन्हा कचेरीच्या दारात उभे राहावे लागते. बाजार गावरानी कोंबडीला जो चढा भाव देतो, तोही या हिशेबात धरला पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील पक्ष्यांची संख्या ३१ कोटी ७० लाख भरली आणि मागील गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात व्यापारी पक्ष्यांची वाढ पाच टक्क्यांहूनही कमी होती. परसातील पालन हे कालबाह्य झालेले नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. परसातील पक्षी वाढले म्हणून देशी वंश वाढला, असे होत नाही. उलट वाटलेल्या सुधारित पिल्लांतील नर मोठे होऊन गावभर हिंडतात आणि गावरानी कोंबड्यांशी त्यांचा संकर होत राहतो. पंचवार्षिक योजनांच्या पहिल्या दशकांत ऱ्होड आयलंड रेड आणि व्हाइट लेगहॉर्न कोंबडे खेड्यापाड्यांत वाटले गेले, ते तर देशी कोंबडी ‘सुधारावी’ याच उद्देशाने. त्यामुळे आजची गावरानी कोंबडी सर्वत्र शुद्ध आहे, असा दावा कोणी करू नये. शुद्धतेचा सोवळा आग्रह येथे अभिप्रेतही नाही. परंतु काय मिसळले, किती मिसळले आणि काय उरले, हे मोजण्यापूर्वीच आणखी मिसळत राहणे म्हणजे घरातील जुनी भांडी न पाहताच मोडीत घालण्यासारखे आहे. कदाचित त्यांत पितळच असेल. पण पाहायला काय हरकत आहे?

कौतुकाचाही धोका असतो, हे येथेच नोंदवले पाहिजे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या काळ्या मांसाचा गाजावाजा झाला. दुसऱ्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनातून भरमसाट नफ्याचे आमिष दाखवून हजारो शेतकऱ्यांना फसवल्याचे प्रकरण उघडकीस आले. ज्या भिल्ल समाजाने ती कोंबडी सांभाळली, त्याला त्या गाजावाज्यातून किती मिळाले, हा प्रश्न वेगळाच. देशी जातीचे रक्षण म्हणजे तिचा बाजार मांडणे नव्हे.

करण्याजोगे काय आहे?

यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. पहिले काम नोंदीचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या नोंदवहीच्या कल्पनेला आकार दिला, तो लोकांचे ज्ञान लोकांनीच लिहावे म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातल्यावर या वह्या देशभर घाईघाईने भरल्या गेल्या. त्यांत पाळीव जनावरांसाठी जागा आहे. घाटंजी तालुक्यातील शाळांनी मनावर घेतले तर एका हंगामात गावोगावच्या कोंबड्यांचे रंग, तुरे, पाय, वजन, अंड्यांची संख्या, खुडूक होण्याचा काळ आणि साथीतून वाचलेल्या खुराड्यांची माहिती गोळा होऊ शकते. विद्यार्थ्यांना आनुवंशिकतेचा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा अंगणात शिकवणे केव्हाही सोपे. ग्रामसेवकाने त्या नोंदी वहीत चढवाव्यात आणि राज्य जैवविविधता मंडळाने त्या वाचाव्यात. मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे.

दुसरे काम विद्यापीठाचे. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ याच प्रदेशात आहे. या नोंदींच्या आधारे रक्ताचे नमुने घेऊन यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कोंबड्या एकमेकींपासून आणि नोंदलेल्या जातींपासून किती वेगळ्या आहेत, हे तपासणे आजच्या तंत्रात अवघड नाही. वेगळेपण आढळले तर कर्नालकडे प्रस्ताव जावा. न आढळले तरी ते कळणे हेही ज्ञानच आहे.

तिसरे काम पशुसंवर्धन खात्याचे. काही दुर्गम गावे आणि पोडे सुधारित नरांच्या वाटपातून वगळून तेथे गावरानी कळप राखावेत. मात्र त्याची किंमत तेथील बायांनी सोसावी अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांना पिल्लांऐवजी मानमोडीची लस वेळेवर आणि घरपोच मिळावी, रात्रीच्या निवाऱ्याला मदत मिळावी आणि कळपातील चांगला नर राखल्याबद्दल मोबदला मिळावा. गावरानी कोंबडीचे उत्पन्न कमी दिसते, त्याचे एक मोठे कारण तिची पिल्ले साथीत आणि घारीच्या तोंडी जातात हे आहे. लस आणि डालगे या दोन स्वस्त वस्तूंनी ते वाढू शकते, त्यासाठी तिचे रक्त बदलण्याची गरज नाही. याशिवाय निवडक कळपांची जोड-अंगणे दुसऱ्या तालुक्यांतही असावीत, म्हणजे नवापूरसारखा प्रसंग ओढवला तर वंश एका ठिकाणी अडकून राहणार नाही.

२००७ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे शंभराहून अधिक देशांनी पाळीव प्राण्यांच्या आनुवंशिक संपत्तीच्या रक्षणाचा जागतिक आराखडा स्वीकारला. अशा आराखड्यांतील शब्द मोठे असतात. त्यांची अंमलबजावणी मात्र शेवटी एखाद्या पोडावरच्या अंगणातच व्हायची असते. तिबेटच्या कोंबडीने विरळ हवेचे उत्तर शोधले, कारण तिला तेथे शतकानुशतके राहू दिले गेले. पुढील काळात उन्हाळे अधिक तापत जाणार, हे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. त्या उन्हाचे उत्तर घाटंजीच्या बाजारात, पाय बांधलेल्या अवस्थेत, नगावर विकले जात असेल, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे म्हणतात. उकिरड्यावर चरणाऱ्या या कोंबडीचा पांग फिटण्यासाठी बारा वर्षे थांबण्याइतका अवधी कदाचित उरलेला नाही. तिला आज अनुदान नको आहे, मानांकन नको आहे, जाहिरात तर मुळीच नको आहे. एका वहीत तिचे नाव लिहिले जावे, एवढीच सुरुवात पुरे आहे. आणि ते लिहिण्याचे काम गावातील एखादा शिक्षक किंवा ग्रामसेवक उद्याही हाती घेऊ शकतो.